मुलांचे दात: रोजची निगा, भूल देण्याचा निर्णय आणि अचानक ओढवणारे प्रसंग (ठाणे-नवी मुंबईतल्या पालकांसाठी)

सहाव्या वर्षाच्या आसपास मुलाच्या तोंडात सगळ्यात मागे एक दाढ येते. तिच्यासाठी कुठलाही दात पडत नाही, दुधाच्या शेवटच्या दाढेमागे ती मुकाट्याने उगवते, म्हणून घरात कुणाच्या लक्षातही येत नाही. ही दाढ पक्की असते, जन्मभराची. आठव्या-नवव्या वर्षी ती पोखरलेल्या अवस्थेत घेऊन पालक येतात आणि म्हणतात, "डॉक्टर, दुधाचीच आहे ना? काढून टाका." काढली तर तिच्या जागी दुसरी येणार नाही, हे मला ठाण्यातल्या माझ्या क्लिनिकमध्ये सतत सांगावं लागतं. कळवा, ऐरोली, वाशी, खारघर, कुठेही राहत असलात तरी मुलाच्या तोंडात काय चाललंय हे दुखायला लागण्याआधी तुम्हाला माहीत हवं. आणि भूल द्यायची वेळ आली किंवा दात तुटून हातात आला, तर काय करायचं हे त्या क्षणी शोधत बसावं लागू नये.

महिन्यातून एकदा ओठ उचलून बघा

दोन मोठी माणसं समोरासमोर, गुडघ्याला गुडघा लावून बसा. मुलाचं डोकं तुमच्या मांडीवर, पाय समोरच्याच्या कमरेशी. मोबाइलचा टॉर्च लावा आणि वरचा ओठ बोटाने अलगद उचला. हिरडीला लागून दातावर खडूसारखी पांढरी, निस्तेज रेघ दिसली तर ती किडीची सुरुवात आहे. या टप्प्यावर फ्लोराइड आणि नीट ब्रशिंगने कीड थांबवता येते, ड्रिल लागत नाही. रेघ तपकिरी झाली किंवा खड्डा दिसला, तर तो टप्पा मागे पडला असं समजा. हिरडीवर पुटकुळी दिसली तर मुळाशी पू आहे, मग मूल हसत-खेळत असलं तरी.

तान्ह्यांमध्ये आणि दीड-दोन वर्षांच्या मुलांमध्ये वरचे पुढचे चार दात आधी किडतात. कारण बहुतेक वेळा रात्रीची दुधाची बाटली असते. झोपेत लाळ कमी होते आणि दूध दातांभोवती साचून राहतं. बाटली हवीच असेल तर तिच्यात फक्त पाणी द्या. एकदम बंद होत नसेल तर दूध दर दोन दिवसांनी थोडं थोडं पातळ करत जा. वर्षानंतर रात्रभर अंगावर पिण्याची सवय असेल तर झोपण्याआधी दात नक्की स्वच्छ करा.

ब्रश, पेस्ट आणि चूळ

पहिला दात साधारण सहाव्या महिन्यात येतो, अडीच-तीन वर्षांपर्यंत दुधाचे वीसही दात आलेले असतात. पहिला दात दिसला त्या दिवसापासून ब्रश सुरू करायचा. तीन वर्षांपर्यंत पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांत मटाराच्या दाण्याएवढी. जाहिरातीत ब्रशभर पिळलेली पेस्ट दाखवतात, तेवढी मोठ्यांनाही लागत नाही. ट्यूबवर फ्लोराइड किती पीपीएम आहे ते छापलेलं असतं, 1000 पीपीएमच्या आसपासची घ्या. फळांची चित्रं असलेल्या 'किड्स' पेस्टमध्ये बरेचदा ते निम्मं असतं किंवा अजिबात नसतं, म्हणून पाकीट उलटून वाचायचं.

ब्रश झाल्यावर थुंकायचं, पण खळखळून चूळ भरायची नाही. आपल्याकडे हे पटायला जड जातं, कारण चूळ भरल्याशिवाय तोंड धुतल्यासारखं वाटत नाही. पण पेस्टमधलं फ्लोराइड दातावर थोडा वेळ राहिलं तरच काम करतं, चुळीबरोबर ते वाहून जातं. सकाळच्या ब्रशपेक्षा रात्रीचा महत्त्वाचा. त्यानंतर पाण्याशिवाय काही नाही, खोकल्याचं गोड सिरपसुद्धा ब्रशच्या आधी.

सात-आठ वर्षांपर्यंत ब्रश तुम्हीच करायचा. मुलाने आधी स्वतः केला तरी नंतर तुमचा हात फिरलाच पाहिजे. मुलाच्या मागे उभं राहून त्याचं डोकं तुमच्या पोटाशी टेकवा, म्हणजे मागच्या दाढांपर्यंत दिसतं आणि पोहोचता येतं. दोन दाढा एकमेकींना चिकटल्या असतील तर त्यांच्यामधून ब्रश जात नाही. तिथे फ्लॉसचा दोरा लागतो.

मशेरीबद्दल स्पष्ट बोलायला हवं. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला आपल्याकडे 1992 पासून बंदी आहे, पण मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. आजी स्वतः लावते म्हणून नातीच्या हिरडीला बोटभर लावण्याचे प्रकार आजही घडतात. ते अजिबात होऊ देऊ नका. कोळशाची पूड आणि खरखरीत मंजनं दात घासून झिजवतात, तीही नकोत.

किती खाल्लं यापेक्षा किती वेळा

संक्रांतीला तिळगुळाच्या चार वड्या एका बैठकीत खाल्लेल्या बऱ्या, पण दिवसभर अर्ध्या-अर्ध्या तासाने एकेक बिस्किट तोंडात टाकणं वाईट. प्रत्येक गोड घासानंतर तोंडात आम्ल तयार होतं आणि लाळेला ते निवळायला साधारण अर्धा तास लागतो. मधल्या वेळात पुन्हा गोड गेलं की दाताला सावरायला सवड मिळत नाही. दुधात बुडवलेलं बिस्किट, चिप्स, जेली, मनुका हे सगळं दाढेच्या खाचांत चिकटून राहतं. गोड जेवणाबरोबर द्या, मधल्या वेळेला फळं, चणे-शेंगदाणे, काकडी, पनीर. शेंगदाणे मात्र चार वर्षांखालच्या मुलांना अख्खे देऊ नका, घशात अडकतात. दम्याचा पंप घेणाऱ्या मुलाने पंपानंतर पाण्याने तोंड धुवावं.

दात येताना हिरड्या शिवशिवतात, लाळ गळते, चिडचिड होते. मोठा ताप आणि जुलाब मात्र दातांमुळे होत नाहीत. "दात येतायत" म्हणून घरी थांबू नका, बालरोगतज्ज्ञांना दाखवा. हिरडी बधिर करणारी जेल तान्ह्यांना लावू नका, थंड ओलं फडकं चावायला द्या.

डॉक्टरांकडे कधी आणि कुठे

पहिली भेट पहिल्या वाढदिवसापर्यंत. काही दुखत नसताना गेलेलं मूल खुर्चीवर बसून आरशात दात बघतं आणि घरी जातं. ठणकता दात घेऊन पहिल्यांदा आलेल्या मुलाच्या मनात मात्र क्लिनिक आणि वेदना यांची गाठ पक्की बसते, आणि पुढे भूल देण्याची गरज पडते ती अनेकदा त्या भीतीपोटीच. घरून निघताना "दुखणार नाही हं" म्हणू नका, दुखण्याचा विचार तिथूनच सुरू होतो. "मस्ती केलीस तर डॉक्टर सुई टोचतील" ही धमकी तर वर्षानुवर्षं पुरते.

लहान मुलांच्या दातांचे तज्ज्ञ म्हणजे बीडीएसनंतर पेडोडॉन्टिक्समध्ये एमडीएस केलेले. साध्या तपासणीला आणि फिलिंगला जवळचे चांगले बीडीएस डॉक्टर चालतात. खर्च परवडत नसेल तर डेंटल कॉलेजची ओपीडी हा उत्तम मार्ग आहे, आणि या बाबतीत नवी मुंबई नशीबवान आहे: नेरुळला डी. वाय. पाटील आणि तेरणा, सीबीडी बेलापूरला भारती विद्यापीठ, खारघरला वायएमटी, पुढे कामोठ्याला एमजीएम. मुंबईत सीएसएमटीजवळ शासकीय दंत महाविद्यालय आणि मुंबई सेंट्रलला नायर दंत रुग्णालय. केसपेपर काढताना मुलांच्या दातांचा विभाग विचारा. वेळ जास्त लागतो, विद्यार्थी काम करतात, पण वरिष्ठांची नजर असते. सकाळी लवकर जा, मूल ताजंतवानं असतं. मूल सरकारी किंवा पालिकेच्या शाळेत असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात दातांची तपासणीही येते. ही योजना 2013 मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या पालघरमधूनच सुरू झाली. शाळेत पथक आलं की दातांबद्दल काय लिहिलंय ते विचारा आणि पुढे पाठवण्याची चिठ्ठी मागा.

दुधाच्या दातावर खर्च का?

पुढचे दात सहा-सात वर्षांत पडायला लागतात, पण दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत राहतात. पाच वर्षांच्या मुलाची दाढ किडली तर तिच्यावर अजून पाच-सहा वर्षं जेवायचंय. शिवाय ती खालच्या पक्क्या दाताची जागा राखून असते. लवकर काढली की शेजारची दाढ पुढे सरकते आणि पक्का दात वाकडा येतो. म्हणून काढावीच लागली तर त्या जागी स्पेस मेंटेनर, म्हणजे रिकामी जागा राखून ठेवणारं साधन, लागेल का, हे विचारा.

उपचार किडीच्या खोलीवर ठरतात. नुसती पांढरी रेघ असेल तर फ्लोराइड वार्निश, दर तीन ते सहा महिन्यांनी. सहा वर्षांच्या पक्क्या दाढेच्या खाचा खोल असतील तर सीलंट, म्हणजे त्या खाचा बुजवणारा लेप: सुई नाही, ड्रिल नाही, काही मिनिटांचं काम. या संपूर्ण लेखातून एकच गोष्ट करणार असाल तर ही करा. चंचल किंवा फार लहान मुलाची कीड चांदीयुक्त फ्लोराइडचं औषध लावूनही थांबवता येते, पण किडलेला भाग कायमचा काळा पडतो, हे आधी ठाऊक असू द्या. कीड दाताच्या आतल्या नसेला पोहोचली असेल तर नसेचा उपचार करून वर स्टीलची कॅप. पांढरी झिर्कोनियाची कॅप महाग असते, मागच्या दाढेला स्टीलची उत्तम टिकते. एकूण खर्च आधी लेखी मागून घ्या. आरोग्यविम्याच्या बऱ्याच पॉलिसींत दातांचे उपचार अपघात सोडून धरत नाहीत, तेही तपासा.

भूल: कोणती, कुणाला, आणि काय विचारायचं

बहुतेक मुलांचं काम भुलेशिवाय होतं. चांगले डॉक्टर आधी सांगतात, मग दाखवतात, मग करतात. हिरडीला बधिर करणारी जेल लावून सावकाश इंजेक्शन दिलं की मूल सहन करतं. बधिर ओठ पुढे दोन-तीन तास मुलाला कळत नाही आणि ते तो चावत बसतं. दुसऱ्या दिवशी ओठ सुजून त्यावर पांढरं पापुद्र्यासारखं दिसतं, आणि घरच्यांना इन्फेक्शन वाटतं. तेवढे तास लक्ष ठेवा, जेवायला देऊ नका.

त्यापुढची पायरी लाफिंग गॅस, म्हणजे नायट्रस ऑक्साइड आणि ऑक्सिजन नाकावरच्या मास्कमधून. मूल जागं असतं, बोलतं, फक्त सैलावतं. काम संपल्यावर साधारण पाच मिनिटं नुसता ऑक्सिजन दिला की असर उतरतो. चार वर्षांपुढचं, ऐकणारं पण घाबरणारं मूल याला योग्य. सर्दीने नाक बंद असेल तर उपयोग होत नाही.

तिसरी पायरी गुंगीचं औषध, तोंडाने किंवा नाकातून. मूल पेंगतं, क्वचित उलटं जास्त रडतं, चिडतं. हे औषध क्लिनिकमध्येच, वजन करून, नाडी आणि ऑक्सिजन मोजणारं यंत्र लावूनच द्यायचं. "घरून निघताना पाजा" असं कुणी सांगितलं तर तिथे जाऊ नका. मूल रिक्षात किंवा गाडीत गाढ गुंगलं तर श्वासावर लक्ष ठेवायला तिथे कुणीही नसतं.

शेवटची पायरी पूर्ण भूल. अडीच-तीन वर्षांचं मूल आणि आठ-दहा किडलेले दात, किंवा विशेष गरजा असलेलं मूल, अशा वेळी एकाच बैठकीत सगळं करणं हे पाच वेळा धरून-दाबून काम करण्यापेक्षा माझ्या मते कितीतरी माणुसकीचं आहे. ती भूलतज्ज्ञच देतात, शक्यतो हॉस्पिटलच्या ऑपरेशन थिएटरमध्ये. आधी बालरोगतज्ज्ञांचं फिटनेस आणि रक्ततपासणी लागते. बहुतेक मुलं संध्याकाळी घरी जातात.

गुंगी असो की पूर्ण भूल, हे प्रश्न विचाराच. दात करणारे डॉक्टर आणि मुलाच्या श्वासावर लक्ष ठेवणारी व्यक्ती वेगवेगळी आहे का? दोन्ही कामं एकाच माणसाने करणं मला मान्य नाही. पल्स ऑक्सिमीटर सतत लावलेला असेल का? ऑक्सिजन, सक्शन (तोंडातली लाळ, उलटी ओढून घेणारं यंत्र) आणि मुलाच्या मापाचा मास्क हाताशी आहे का? मुलांच्या आणीबाणीचं प्रशिक्षण कुणी घेतलंय? बाहेरून भूलतज्ज्ञ येणार असतील तर मूल पूर्ण जागं होईपर्यंत ते थांबतात का? काही बिनसलं तर कुठलं हॉस्पिटल, आणि तिथे पोहोचायला किती वेळ? प्रश्नांनी चिडणारे डॉक्टर असतील तर दुसरे शोधा. तुमच्याकडूनही सगळं सांगा: झोपेत घोरणं, टॉन्सिल, दमा, फिट्स, हृदयाचा त्रास, औषधांची अॅलर्जी, आधी भूल दिली असेल तर तेव्हा काय झालं, घरात कुणाला भुलेचा त्रास झाला का, सध्याची औषधं. सर्दी-खोकला किंवा ताप असेल तर तारीख पुढे ढकलणंच योग्य.

उपाशी ठेवण्याचे नेहमीचे तास असे: तेलकट किंवा पूर्ण जेवणानंतर आठ, दूध किंवा हलक्या खाण्यानंतर सहा, आईच्या दुधानंतर चार, साध्या पाण्यानंतर दोन. तुमच्या भूलतज्ज्ञांनी वेगळं सांगितलं तर त्यांचं ऐका. गफलत होते ती दुधात. पोर रडतंय म्हणून आजी दोन घोट दूध पाजते, मनात भाव एवढाच की जेवण थोडंच दिलंय. पण दूध पोटात साकळतं आणि ते अन्नच धरायचं. भुलेत उलटी झाली तर ती फुप्फुसात जाऊ शकते, उपाशी ठेवण्याचं कारण हेच. काही खाल्लं-प्यायलं गेलं असेल तर लपवू नका, तारीख बदलते इतकंच. सकाळची पहिली वेळ मागितली की मुलाचे उपाशी तास झोपेत जातात.

घरी नेताना दोन मोठी माणसं हवीत. घोडबंदर रोडला गाडी तासभर अडकू शकते आणि तेवढ्यात मूल पुन्हा पेंगतं. मान पुढे छातीवर पडली तर श्वासाची वाट अरुंद होते. म्हणून एकाने मागे बसून फक्त मुलाकडे बघायचं, हनुवटी वर, डोकं सरळ. दुचाकी नको. मूल हाकेला उत्तर देतंय, आधाराशिवाय बसतंय हे पाहिल्याशिवाय क्लिनिक सोडू नका. घरी आधी पाणी, मग पेज किंवा मऊ भात. मूल हलवूनही जागं होत नसेल, ओठ निळसर वाटले, श्वास घरघरत असेल तर 108 लावा. उलट्या थांबत नसतील तर लगेच डॉक्टरांना फोन करा.

पक्का दात मुळासकट निघाला तर

सोसायटीच्या आवारात सायकलवरून, शाळेच्या मैदानात चेंडू लागून, स्केटिंग करताना. सात ते बारा वर्षांत हे घडतं, आणि दाताचं भवितव्य पहिल्या अर्ध्या तासात तिथे हजर असलेल्या माणसाच्या हातात असतं.

आधी मूल बघा. बेशुद्ध झालं होतं, उलटी झाली, गुंगल्यासारखं वाटतंय, तर आधी हॉस्पिटल, दात दुधात घालून बरोबर. नसेल तर दात शोधा. चमकदार पांढऱ्या भागाला धरा, मुळाला हात लावू नका, कारण मुळावरच्या पेशी जिवंत असतात आणि पुढे दात त्यांच्याच जोरावर रुजतो. माती लागली असेल तर दुधाने किंवा काही सेकंद वाहत्या थंड पाण्याने नुसता खळाळा. घासू नका, साबण नको, रुमालाने पुसू नका. मूल शांत असेल तर दात तिथेच परत खोबणीत बसवा: गुळगुळीत फुगीर बाजू ओठाकडे, अलगद दाबून. मग स्वच्छ रुमाल दातांत धरायला सांगा आणि दवाखाना गाठा. जमत नसेल तर जवळच्या डेअरीतून थंड दुधाची पिशवी घ्या, पेल्यात ओता आणि दात त्यात बुडवा. चहावाल्याकडचं तापलेलं दूध नको. साध्या पाण्यात किंवा कागदात गुंडाळून आणलेल्या दाताच्या पेशी मरतात. एक तासाच्या आत पोहोचायचं, जितकं लवकर तितकं चांगलं. उशीर झाला तरी दात फेकू नका.

तज्ज्ञ शोधत शहर पालथं घालू नका. दात जागेवर बसवून तारेने बांधणं कुठल्याही दंतवैद्याला जमतं, जवळचा उघडा दवाखाना गाठा, निघताना फोन करा. कॉलेजच्या ओपीडी रात्री आणि रविवारी बंद असतात, म्हणून दोन-तीन खाजगी डॉक्टरांचे नंबर आजच फोनमध्ये ठेवा. तार साधारण दोन आठवडे राहते. धनुर्वाताची लस झाली आहे का ते तपासा. नंतरच्या तपासण्या चुकवू नका, नस मेल्याचं पुष्कळदा काही आठवड्यांनी कळतं.

दुधाचा दात निघाला तर परत बसवायचा नाही, खालच्या पक्क्या दाताच्या कोंबाला इजा होते. ओळख अशी: दुधाचा दात छोटा आणि दुधासारखा पांढरा, नवा पक्का दात मोठा, किंचित पिवळसर आणि कडेला करवतीसारखा. दात तुटला तर तुकडा दुधात किंवा पाण्यात आणा, बरेचदा चिकटवता येतो. दात हिरडीत आत घुसला असेल तर ओढू नका. दात काढल्यावर रक्त थांबत नसेल तर ओलसर गॉजची घडी वीस ते तीस मिनिटं दाबून धरा, मधे उचलून बघायचं नाही.

सूज आणि रात्रीचं दुखणं

किडलेल्या दातामुळे गाल सुजला तर त्याच दिवशी दाखवा. गरम शेक देऊ नका, घरातल्या उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या देऊ नका. सूज डोळ्यापर्यंत गेली, डोळा मिटायला लागला, जबड्याखाली किंवा गळ्याशी सूज आली, तोंड उघडेना, लाळ गिळता येईना, श्वासाला त्रास किंवा मोठा ताप असेल, तर दवाखान्यात न थांबता 108 लावून मोठं रुग्णालय गाठा: ठाण्याकडच्यांसाठी कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, नवी मुंबईत वाशीचं महापालिका रुग्णालय.

रात्री दात ठणकला तर आधी फ्लॉसने अडकलेलं अन्न काढा, थुंकता येत असेल तर कोमट मिठाच्या पाण्याने खळखळवा. पॅरासिटामॉल वजनाप्रमाणे, किलोमागे 10 ते 15 मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान चार ते सहा तास, दिवसात चारपेक्षा जास्त वेळा नाही. सिरप वेगवेगळ्या ताकदीची मिळतात, एका चमच्यात 120-125 किंवा थेट 250 मिलिग्रॅम, त्यामुळे बाटली बदलली की चमचाही बदलतो. मुलाचं वजन आणि डोस बालरोगतज्ज्ञांकडून लिहून घेऊन फ्रिजवर लावा. अॅस्पिरिन मुलांना नको. निमेसुलाइडवर बारा वर्षांखालील मुलांसाठी 2011 पासून बंदी आहे. पावसाळ्यात ताप असेल आणि डेंग्यूची शंका असेल तर आयबुप्रोफेन टाळा. लवंगेचं तेल थेट लावू नका, हिरडी भाजते, आणि पोटात गेलं तर लहान मुलाला ते विषारी ठरू शकतं.

सकाळी दुखणं थांबलं तरी वेळ घेतलेली असेल ती रद्द करू नका. नस मेली की ठणका जातो, पण पू हाडात वाढतच राहतो, आणि नंतर गाल सुजून आलेल्या मुलांच्या घरचे बहुधा हेच सांगतात की मधे काही दिवस त्याला काहीच त्रास नव्हता.